जांभळा गांजा जांभळा का असतो?

गेल्या ऑक्टोबरात मी भाच्याकडे कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला होतो. त्याच्या शेजारी एक निवृत्त सुतार राहतो, सत्तरी ओलांडलेला. अंगणाला सहा फुटी लाकडी कुंपण, दाराला कुलूप, आणि आत तीन मोठ्या कुंड्या. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे हे कळल्यावर तो मला हौसेनं आत घेऊन गेला. गांजाची झाडं कमरेएवढी, बुटकी, पसरट. पानांच्या कडा आणि फुलांचे तुरे गर्द जांभळे, पिकल्या वांग्यासारखे. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, कौतुकाच्या अपेक्षेनं. माझ्या तोंडून मात्र शब्द निघाला, "लाल्या!"

विदर्भात कपाशी पेरणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला दुसरं काही सुचणं कठीण आहे. पीक बोंडांवर आलेलं असतं, रात्री गार पडू लागतात, आणि एका आठवड्यात हिरवं शेत तांबडं होतं. त्यालाच लाल्या म्हणतात. माझे वडील तेव्हा बांधावर उभे राहून पान हातात चुरगाळत, काही न बोलता घरी येत. इथे तोच रंग बघून एक म्हातारा मिशीत हसत होता आणि दुकानदार त्यासाठी चार पैसे जास्त मोजायला तयार होते.

हा लेख त्या रंगाबद्दल आहे, आणि त्याच्या सोबत गांजाच्या बाटलीवर छापून येणाऱ्या 'इंडिका' या शब्दाबद्दल. "पर्पल इंडिका" असं लिहिलेलं पाहिलं की घेणाऱ्याला वाटतं, दोन्ही शब्दांनी मालाची माहिती दिली. प्रत्यक्षात दोन्ही मिळून फार कमी सांगतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. त्याबद्दल पुढे येईलच. म्हणून खालचं वाचून कोणी गच्चीवर कुंडी ठेवायला जाऊ नये. हे झाड समजून घ्यायला मात्र कसलाही परवाना लागत नाही.

तर रंग. जांभळं झाड आणि लाल्या पडलेली कपाशी, दोन्हीकडे काम करणारं द्रव्य एकाच घराण्यातलं आहे. त्याचं नाव अँथोसायनिन. जांभूळ खाल्ल्यावर जीभ रंगते ती त्यानं. वांग्याची साल, लाल कोबी, काळी द्राक्षं, कोकमाचा आगळ, गोकर्णाचं फूल, सगळीकडे हेच घराणं, भावंडं फक्त वेगवेगळी. हे पाण्यात विरघळतं आणि पेशीच्या आतल्या रसात राहतं. त्याचा एक खोडकर गुण म्हणजे आंबट लागलं की ते लालीकडे झुकतं, क्षारी लागलं की निळं होतं. घरी करून बघण्यासारखं आहे. गोकर्णाची चार फुलं गरम पाण्यात टाका, पाणी निळं होईल. अर्धं लिंबू पिळा, डोळ्यांदेखत जांभळं होईल. दुसऱ्या पेल्यात लाल कोबीचं पाणी घेऊन चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, ते निळं-हिरवं होतं. गांजाच्या एका झाडाचे तुरे काळपट जांभळे आणि दुसऱ्याचे लालसर दिसतात, त्यामागे अशीच कारणं असतात: घराण्यातलं कोणतं भावंड किती आहे आणि पेशीतला रस किती आंबट आहे.

मग हा रंग शेवटी शेवटीच का येतो? खरं तर पानात दोन रंगांची झटापट चाललेली असते. हिरवं हरितद्रव्य इतकं असतं की इतर रंग त्याखाली झाकून जातात. झाड म्हातारं होऊ लागलं, रात्री गार पडू लागल्या, की झाड हरितद्रव्य मोडून त्यातला नत्र परत ओढून घेतं. हिरवा पडदा विरतो. त्याच वेळी दिवसा ऊन असतं म्हणून साखर तयार होत राहते, पण गार रात्रीत ती पानातून हलत नाही. आणि साखर साचली की अँथोसायनिन बनवण्याला जोर येतो. नाशिकच्या बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. रंगीत द्राक्षाला रंग भरायला दिवस उबदार आणि रात्र थंड लागते, हे त्याला पुस्तक न वाचता ठाऊक असतं. रात्रीही उकडत राहिलं की मणी फिके राहतात.

पण थंडी पडली म्हणून कुठलंही झाड जांभळं होत नाही. रंग बनवायची कुवत बियाण्यात असावी लागते. ज्या वाणात ती नाही त्याला बर्फात ठेवलं तरी ते फक्त मरेल. ज्यात ती भरपूर आहे ते झाड उबेतही थोडं जांभळं होतं. इंटरनेटवर तुऱ्यांवर बर्फाचं पाणी ओतायचे सल्ले फिरतात. ते शेजाऱ्याला सांगितले तर तो म्हणाला, "मग मी सुतारकामाच्या लाकडालाही रंग यावा म्हणून रात्री बाहेर ठेवतो."

आणि कधी कधी जांभळा रंग म्हणजे झाडाची तक्रार असते. कोवळ्या मक्याची पानं जांभळट झाली तर शेतकरी स्फुरद कमी पडलंय म्हणतो. लाल्याला मॅग्नेशियमची आणि नत्राची कमतरता, वर थंडी, अशी कारणं देतात आणि मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी सांगतात. गांजाच्या झाडाचेही देठ आणि खालची पानं अशीच उपासमारीनं जांभळी होऊ शकतात. त्यामुळे फोटोतल्या जांभळ्या पानावरून वाण ओळखणारे खुशाल ओळखोत, मी त्यातला नाही.

शेजाऱ्यानं मला खिशातलं भिंग दिलं, जवाहिऱ्याकडे असतं तसं छोटं. एक तुरा वाकवून म्हणाला, "आता बघ." भिंगातून पाहिलं तर जांभळ्या पानाच्या वर लहान लहान काचेच्या टाचण्या रोवल्यासारख्या दिसत होत्या. बारीक दांडी, तिच्या टोकावर गोल डोकं. बहुतेक डोकी दुधाळ, काही पारदर्शक, एखादं मधाच्या रंगाचं. यांना ट्रायकोम म्हणतात. झाडाची राळ इथे तयार होते. नशा आणणारं द्रव्य, वास, चिकटपणा, सगळं या डोक्यांमध्ये. आणि ही डोकी जांभळी जवळपास नव्हतीच. जांभळा होता तो खालचा पानाचा भाग.

लेखातला सगळ्यात उपयोगी मुद्दा हाच आहे, म्हणून जरा थांबतो. रंग एका खोलीत आहे, नशा दुसऱ्या खोलीत. जांभळा म्हणजे जास्त कडक, असा जो समज आहे त्याला आधार नाही. अँथोसायनिननं नशा येत नाही. येत असती तर जांभळाच्या हंगामात पालघर जिल्ह्यात कोणी शुद्धीवर राहिलं नसतं. शिवाय तो रंग उष्णतेला टिकत नाही. जळला की संपला. कृष्ण तुळस आणि राम तुळस आठवा. जात एकच, एकीचे देठ-पानं जांभळी, दुसरीची हिरवी. वृंदावनात कोणती लावायची हा श्रद्धेचा भाग झाला. रंगावरून काढ्याचा गुण कोणी मोजत नाही. आपल्याकडे चांगल्याला 'भांगेत तुळस' म्हणतात. जांभळ्या गांजाच्या बाबतीत लोक भांगेतच कृष्ण तुळस शोधत बसलेत.

शेजाऱ्याच्या झाडाचं नाव होतं ग्रँडडॅडी पर्पल. २००३ च्या सुमारास उत्तर कॅलिफोर्नियात केन एस्टेस यांनी हे लोकांपुढे आणलं. पर्पल अर्कल आणि बिग बड या दोन वाणांचा संकर म्हणून ते ओळखलं जातं: पहिल्याकडून रंग आणि द्राक्षासारखा वास, दुसऱ्याकडून तुऱ्यांचा आकार. तेव्हा कॅलिफोर्नियात १९९६ च्या मतदानानं गांजाला औषध म्हणून परवानगी मिळालेली होती. सर्वांसाठी तो खुला झाला २०१६ च्या मतदानानंतर. आज जगात जांभळ्या गांजाची शेकडो नावं फिरतात, त्यातल्या बऱ्याच जणांची वंशावळ या दोन-चार घराण्यांपाशी येऊन थांबते. निदान विकणारे तसं सांगतात. या धंद्यात वंशावळ तोंडी असते, आणि तोंडी वंशावळीचं काय होतं हे आपल्याला लग्न जमवताना कळतंच.

आता दुसरा शब्द, इंडिका. इथे आपला थेट संबंध येतो.

१७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं युरोपात दोरासाठी लावल्या जाणाऱ्या झाडाला 'कॅनाबिस सॅटिव्हा' नाव दिलं. सॅटिव्हा म्हणजे लागवडीचं. १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाकडे भारतातून वाळवलेले नमुने आले, सोनेरा नावाच्या प्रवाशानं गोळा केलेले. लामार्कला ते युरोपातल्या झाडापेक्षा वेगळे वाटले. त्याची साल पातळ, दोराला निकामी, आणि गुण असा की डोक्यात जाऊन माणूस दुःख विसरतो आणि हसत सुटतो. त्यानं नाव दिलं 'कॅनाबिस इंडिका', म्हणजे भारतातलं. भांग-गांजाची आपली ओळख त्याच्याही फार आधीची. अथर्ववेदात भंगाचा उल्लेख आहे.

इथवर ठीक. पण १९७० च्या दशकात हार्वर्डचे रिचर्ड इव्हान्स शुल्टिस यांच्यासारखे वनस्पतिशास्त्रज्ञ अफगाणिस्तानातली झाडं अभ्यासू लागले. ती बुटकी, रुंद पानांची, दाट. त्यांनी इंडिका हे नाव या झाडांना लावलं. त्याच सुमारास हिंदुकुशातलं बियाणं अमेरिकेत आणि युरोपात पोचत होतं, आणि लागवड करणाऱ्यांनी ती व्याख्या उचलली: बुटकं-रुंद ते इंडिका, उंच-निमुळतं ते सॅटिव्हा. परिणाम असा की केरळातल्या इडुक्कीचं उंच, लांब-निमुळत्या पानांचं झाड, म्हणजे लामार्कच्या नमुन्यांच्या जवळचं, अस्सल भारतीय, ते आज दुकानात सॅटिव्हा म्हणून विकलं जातं. आणि इंडिका म्हणून विकलं जातं ते अफगाण. दार्जिलिंगच्या चहाला कोणी काबुली म्हणावं आणि काबुली चण्याला दार्जिलिंग, असा प्रकार.

बुटकेपणाचं कारण सोपं आहे. हे झाड दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतं, शेवंतीसारखं. शेवंतीला फुलं उशिरा यावीत म्हणून रात्री शेतात दिवे लावतात ना, तोच न्याय. हिंदुकुशाच्या डोंगरात हिवाळा लवकर येतो; झाडाला थोड्या दिवसांत उरकावं लागतं, म्हणून ते ठेंगणं राहतं आणि आठ-नऊ आठवड्यांत फुलोरा पुरा करतं. केरळात घाई नाही. तिथली जात तीन-तीन महिने फुलत राहते. डोंगरातलं कडक ऊन आणि गारठा यांपासून पानाला आडोसा म्हणूनही जांभळा रंग कामी येतो. थंड प्रदेशातल्या वाणांत रंगाची कुवत जास्त का दिसते, याचं मला पटणारं कारण हेच.

"इंडिका म्हणजे झोप, सॅटिव्हा म्हणजे उत्साह" असं दुकानातला पोरगा ठामपणे सांगतो. झाडाच्या उंचीवरून त्याचा मेंदूवरचा परिणाम ठरतो, यावर विश्वास ठेवायचा तर बुटक्या नारळाच्या पाण्यानंही झोप आली पाहिजे. २०२१ मध्ये कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळपास ३०० नमुन्यांचं रसायन तपासलं, त्यातल्या बऱ्याच जणांची आनुवंशिक चाचणीही केली. इंडिका-सॅटिव्हा ही लेबलं आनुवंशिक नात्याशी फारशी जुळेनात. जुळली ती मोजक्या वासाच्या द्रव्यांशी. इंडिका म्हणून विकल्या जाणाऱ्यात मिरसीन जास्त आढळलं. म्हणजे लोक नकळत नाकानं नाव ठेवत आले.

ही वासाची द्रव्यं, टर्पीन, आपल्या स्वयंपाकघरातलीच आहेत. मिरसीन गवती चहात आणि आंब्यात असतं. कॅरियोफिलीन काळ्या मिरीत, लवंगेत आणि तुळशीतसुद्धा. लिमोनीन लिंबाच्या सालीत. लिनालूल लव्हेंडरमध्ये, आणि आपल्या धण्यात भरपूर. शेजाऱ्यानं एक तुरा बोटात हलकेच चोळून माझ्या नाकापाशी धरला. आधी ओल्या मातीचा वास आला, मग पिकलेल्या द्राक्षाच्या घोसाचा, आणि शेवटी मिरपूड उडाल्यासारखं काहीतरी. द्राक्ष खरंच होतं की मला रंगानं फसवलं, हे सांगता यायचं नाही. २००१ मध्ये बोर्दोत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. तज्ज्ञ होऊ घातलेल्या मंडळींची ही कथा, तर जांभळा तुरा हातात धरून मी द्राक्ष म्हणालो यात नवल नाही.

झाड वाढवण्यातली खरी मेहनत रंगात नसतेच. पपईसारखी किंवा करटोलीसारखी याचीही नर आणि मादी झाडं वेगळी. राळ मादीच्या फुलांत, आणि तीही परागकण पोचले नाहीत तर जास्त. मादी वाट बघत राहते, फुलावर फूल काढत राहते. परागकण पोचले की ती बी भरण्याच्या मागे लागते. म्हणून नर दिसताच उपटायचा. हे ज्ञान कॅलिफोर्नियाचं नव्हे. एकोणिसाव्या शतकात बंगालच्या राजशाही जिल्ह्यात नौगाव इथे सरकारी देखरेखीखाली गांजाची शेती चाले, आणि तिथले शेतकरी नर ओळखून उपटणारे जाणकार पैसे देऊन बोलावत. इंग्रजांनी त्यांना 'गांजा डॉक्टर' म्हटलं. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या हेंप ड्रग्ज आयोगाच्या सात खंडांच्या अहवालात याची वर्णनं आहेत. त्या आयोगानं हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष असा काढला की माफक सेवनानं सहसा फार अपाय होत नाही, अतिसेवनानं होतो, आणि सरसकट बंदी गरजेची नाही. नौगाव आज बांगलादेशात आहे.

दुसरी मेहनत बुरशी टाळण्याची. जांभळ्या इंडिकाचे तुरे दाट असतात, आत हवा खेळत नाही, आणि काढणीच्या तोंडावर पाऊस किंवा धुकं आलं की राखाडी बुरशी आतून खाऊ लागते. वरून झाड ठणठणीत दिसतं. शेजाऱ्यानं एक तुरा मोडून दाखवला. बाहेर जांभळा, मध्ये राखेसारखा भुगा. मणी घट्ट भरलेल्या द्राक्षघडात हीच बुरशी शिरते. काढणीनंतर सुकवणंही घाईचं काम नाही. अंधारात, गार हवेत, दहा-बारा दिवस. उन्हात टाकलं तर वासाची द्रव्यं उडून जातात आणि रंगही मळकट होतो. तंबाखू, वेलदोडा, ज्यांनी यातलं काहीही सुकवलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि शेवटी माणूस हे घेतो तेव्हा काय होतं? कच्च्या झाडात नशेचं द्रव्य, टीएचसी, जवळपास नसतं. त्याचं आम्लरूप असतं, आणि त्यानं नशा येत नाही. उष्णता लागली की ते बदलतं. म्हणून चिलीम पेटवावी लागते आणि म्हणून भांग भाजून, उकळून घेतात. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. ठंडाईत दूध, बदाम, मगज असतात ते केवळ चवीला नव्हेत. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी वेगळं काढून त्याची रचना सांगितली. पुढे मेंदूत त्याला बसायला जागा सापडली, आणि मग प्रश्न पडला की शरीरानं ही जागा कोणासाठी ठेवलीय? १९९२ मध्ये शरीर स्वतः बनवतं ते द्रव्य मिळालं. मेशुलम यांच्या चमूनं त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या 'आनंद' वरून. इंडिका हे नाव चुकीच्या पत्त्यावर गेलं, पण हे मात्र बरोबर जागी बसलं.

धूर ओढला तर काही मिनिटांत समजतं. खाल्लं तर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच कळत नाही, कारण ते यकृतातून फिरून, आणखी जोरकस रूप घेऊन मेंदूत जातं. होळीला जी फजिती होते ती इथेच. पहिल्या पेल्यानं काही झालं नाही म्हणून दुसरा, आणि मग दोन्ही एकदम चढतात. माझा एक चुलत काका त्या नादात सहा तास खाटेचा पाय धरून बसला होता, खाट उडेल म्हणून. कॅलिफोर्नियात खायच्या पदार्थाच्या एका वाट्यात दहा मिलिग्रॅमच्या वर टीएचसी नसावं असा नियम आहे, तो याच कारणानं. आणि दहा हाही नवख्याला जास्तच होतो.

हसण्याची गोष्ट इथे संपते. आजचा माल जुन्यासारखा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात १९९५ मध्ये टीएचसी सरासरी ४ टक्के होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्के झालं. दुकानातल्या बाटलीवर आता २० च्या पुढचे आकडे नेहमीचे आहेत. घेणाऱ्यांपैकी साधारण दहांत एकाला सवय जडते, आणि जे विशीच्या आत सुरू करतात त्यांच्यात हे प्रमाण जास्त. घरात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर त्या माणसानं याच्या वाटेला जाऊ नये. कडक गांजा रोज घेण्याचा आणि मनोविकाराचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे. गरोदरपणी नको. घेऊन गाडी चालवणं तर नकोच. रंग जांभळा असला, वास द्राक्षाचा असला, म्हणून यातलं काही सौम्य होत नाही.

कायद्याचं म्हणाल तर भारतात १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर. या फटीतून काही राज्यांत सरकारमान्य भांगेची दुकानं चालतात. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो आणि परवान्याशिवाय भांगही चालत नाही. झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कुंडीत एकच होतं, शोभेचं होतं, हे उत्तर चालत नाही. उत्तराखंडनं २०१८ पासून दोरासाठी आणि बियांसाठी परवान्यावर लागवड सुरू केली, पण तिथे टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत लागतं. जांभळी इंडिका त्यात बसायची नाही. जाता जाता, आपल्या अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस आहे, पान गांजासारखं दिसतं म्हणून. देठही लालसर. तेव्हा कोणाच्या परसात तसं पान दिसलं तर आधी भाजी करून आंबट लागते का बघा.

शेजाऱ्याच्या राज्यात एकवीस वर्षांवरच्या माणसाला घरी सहा झाडं चालतात, बाहेरून दिसता कामा नयेत आणि कुलपात हवीत. म्हणून ते कुंपण. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून तीन झाडं. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार.

माझा भाचा मात्र त्या कुंपणाच्या आत कधी गेलेला नाही. त्याला गांजाचं वावडं आहे असं नाही, कारण वेगळं आहे. त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे. राज्यानं परवानगी दिली तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा नियंत्रित पदार्थच आहे, आणि एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या नागरिकत्व खात्यानं स्पष्ट लिहिलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंध हा नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या आड येऊ शकतो. दुकानात नोकरी केली तरीसुद्धा. वर आपला एनडीपीएस कायदा भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. कॅलिफोर्नियात, टोरोंटोत, बर्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी पोरांना हे दुकानातला पोरगा सांगत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी परत आलो तेव्हा भाचा ओट्याशी कांदा चिरत होता. मी चुलीपाशी जाताच त्यानं नाक मुरडलं. "मामा, तुम्ही त्या झाडांना टेकलात का?" टेकलो नव्हतो, पण राळ कुठे कशी चिकटते ते तिलाच ठाऊक. बाहीवर दोन बोटांएवढा चिकट डाग होता. त्यानं जॅकेट तिथल्या तिथे काढायला लावलं आणि यंत्रात टाकलं. माझं विमान चार दिवसांनी होतं. जाण्याच्या आदल्या रात्री त्यानं ते पुन्हा हुंगून पाहिलं, आणि काही न बोलता दुसऱ्यांदा धुवायला टाकलं.